क्लच पेडल इतकं जड झालंय की आईनं गाडीच सोडली, नेमकी सुरुवात कुठून करू?

रानवारा

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची छोटी हॅचबॅक आहे, १.२ पेट्रोल, केबलवाला क्लच, ९२ हजार किमी झालेत. गाडी बाबांची, बाबा गेल्यापासून आई चालवते, म्हणजे चालवायची. हडपसरला राहतो, तिला सासवडला मावशीकडे जायला, मार्केट यार्डात जायला गाडी लागते आणि तिला ड्रायव्हिंग मनापासून आवडतं. गेल्या चार महिन्यांपासून क्लच एवढा जड झालाय की मगरपट्ट्याच्या सिग्नलला दोन-तीनदा दाबला की तिचा डावा गुडघा भरून येतो. आता ती रिक्षाने जाते. मला ते बघवत नाही.

आधी काय काय केलंय ते सांगतो. आठ महिन्यांपूर्वी पण असाच जड झाला होता, तेव्हा एका गॅरेजवाल्याने क्लच केबल बदलली, लोण्यासारखा झाला, आणि चार महिन्यांत परत तेच. आता दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेली तर गाडीला हातही न लावता म्हणाले पूर्ण क्लच सेट टाका, साडेनऊ हजार. टाकायला हरकत नाही, पण टाकूनही परत जड झाला तर? कुठला भाग जड झालाय हे घरच्या घरी कळायचा काही मार्ग आहे का?

चाफेकळी

आधी एक अगदी साधी गोष्ट बघा, पेडलखाली मॅट किती आहेत. माझ्या गाडीत कंपनीची मॅट, त्यावर रबरी, त्यावर पावसाळ्यात टाकलेली अजून एक अशी तीन मजली झाली होती आणि क्लच शेवटपर्यंत जातच नव्हता, पहिला गिअर टाकताना खर्रर्र. दोन मॅट काढल्या आणि प्रश्न संपला. जडपणा त्यानं जाणार नाही कदाचित, पण फुकटचं आहे तर आधी बघून घ्या. आणि आईंची सीट किती पुढे आहे तेही बघा, पाय पूर्ण ताणून टोकानं दाबावं लागलं तर हलका क्लचसुद्धा गुडघ्याला लागतो. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

दहाचा_पाना

रानवारा, घरच्या घरी कळतं. पेडलपासून प्लेटपर्यंत चार जागा आहेत जिथे ताकद खाल्ली जाते. पेडलचा बुश (ज्यावर पेडल फिरतं ती बारीक नळी), केबल, गिअरबॉक्सवरचा फोर्कचा शाफ्ट (केबलचा लिव्हर ज्याला बसवलेला असतो आणि जो फिरून आतला क्लच सोडवतो तो दांडा), आणि आत प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचची प्लेट इंजिनच्या फिरत्या चाकावर (फ्लायव्हीलवर) दाबून धरणारी स्प्रिंगवाली प्लेट. एकेक वेगळी करून बघायची.

बॉनेट उघड, गाडी बंद, थंड. गिअरबॉक्सच्या वर जिथे केबल येऊन लिव्हरला अडकते तिथला अ‍ॅडजस्टिंग नट सैल कर आणि केबल लिव्हरमधून सोडव. नट किती आटे आत होता ते मार्करनं खूण करून ठेव नाहीतर नंतर सेटिंगला डोकं खाशील. आता आत जाऊन पेडल हातानं दाब. केबल मोकळी आहे म्हणजे पेडल अगदी बोटानं खाली जायला पाहिजे आणि स्प्रिंगनं वर यायला पाहिजे. अडखळलं, करकरलं तर दोष पेडलचा बुश नाहीतर केबल. मग पेडलकडचं टोकही काढ आणि केबलची आतली तार दोन्हीकडून हातानं ओढून बघ. नवी केबल रेशमासारखी सरकते. पेडलच्या हुकाजवळ तारेचे दोन-चार धागे तुटून आत अडकलेत का तेही बघ, माझ्या ओळखीतल्या तीन गाड्यांत तेच निघालं.

केबल आणि पेडल दोन्ही मोकळे असतील तरच गिअरबॉक्सकडे वळायचं. लिव्हर हातानं हलवून बघ, पहिला थोडासा प्ले (काही दाबायच्या आधीची रिकामी हालचाल) मोकळा हलला पाहिजे, तिथेच गंजल्यासारखा अडकत असेल तर फोर्कचा शाफ्ट सुकलाय. साडेनऊ हजार त्यानंतर.

बुलेटप्रेमी_सांगली

केबलमध्ये ऑइल सोडा की राव. आम्ही बुलेटच्या क्लच वायरला वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात ऑइल ओततो, रात्रभर लटकवून ठेवली की सकाळी खालून टपकतं, क्लच एकदम मऊ.

दहाचा_पाना

जुन्या, अस्तर नसलेल्या वायरला ते चालतं, बरोबर आहे तुमचं. पण कारच्या आताच्या केबलला आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं, ती कोरडीच चालायला बनवलेली असते. तिच्यात ऑइल सोडलं की पहिले पंधरा दिवस बरं वाटतं, मग धूळ धरून आत चिखल होतो. कारच्या केबलला ऑइल नको, खराब असेल तर बदलायचीच. आणि नवी टाकताना तिचा रस्ता जुन्यासारखाच पाहिजे, एखादं वळण जास्त घेतलं, बॅटरीच्या ट्रेखाली दाबली गेली की नवीसुद्धा जड लागते.

घाटकरी

मी एसटीत चालक होतो, निवृत्त झालो, साताऱ्याला असतो. यंत्राचं तुम्ही लोक सांगताय ते ठीकच आहे, मी पायाचं सांगतो. आईला विचार बाळा, क्लच सोडल्यावर डावा पाय कुठे ठेवतात. पुष्कळांचा पाय पेडलवरच टेकलेला असतो, त्यांना कळतही नाही. तेवढ्या वजनानं सुद्धा रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला टेकणारं बेअरिंग) सतत फिरत राहतं आणि प्लेट थोडी थोडी घासते. आणि दिवे घाटात गाडी चढावर थांबली की हाफ क्लचवर धरून ठेवतात का हँडब्रेक ओढतात? खंबाटकीत मी नव्या पोरांना आधी हँडब्रेकच शिकवायचो. क्लच दाबायचा तर पूर्ण, सोडायचा तर पूर्ण, मधे रेंगाळायचं नाही. सिग्नलला वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करून पाय खाली, गुडघ्यालाही आराम आणि बेअरिंगलाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आईला विचारलं, सिग्नलला ती गिअरमध्येच क्लच दाबून थांबते, बाबांनी तसंच शिकवलं होतं म्हणे. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

रविवारी सकाळी केबल सोडवली. मॅट एकच आहे. पेडल एकटं मोकळं आहे, बुश ठीक. पण केबल! आठच महिन्यांची, आणि आतली तार ओढायला मला दोन हात लागले. मधे एका जागी तर अडकतेच. म्हणजे दोषी केबल, पण इतक्या लवकर कशी? माल नकली असेल का? डबा कंपनीचाच होता, होलोग्राम वगैरे सगळं.

अजून एक केलं. घरातला वजनकाटा, तो स्प्रिंगचा काट्यावाला, पाय आणि पेडलच्या मधे उभा धरून दाबून बघितलं. तीनदा बघितलं, १९ ते २० किलोच्या मधे. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीत त्याच काट्यावर ९ आला. अचूक नसेल पण फरक कळायला पुरे आहे.

मीटरवाला

थांबा, नवी केबल लगेच टाकू नका. एक विचारतो, सेल्फ मारताना गाडी जरा सुस्त फिरते का? बॅटरी चांगली असून?

रानवारा

हो!! गुर्र-गुर्र करत घेते. बॅटरी गेल्या वर्षीच बदलली तरी तसंच आहे, आम्हाला वाटलं इंजिन जुनं झालंय. पण त्याचा क्लचशी काय संबंध?

मीटरवाला

संबंध आहे आणि थेट आहे. मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, हे दर एक-दोन वर्षांनी एकदा बघतोच.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे. सेल्फ मोटरला प्लसचा करंट जाड वायरनं मिळतो, पण तो करंट बॅटरीच्या मायनसला परत जायला इंजिनपासून बॉडीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत एक जाड अर्थ वायर असते, तांब्याच्या जाळीची पट्टी किंवा काळी केबल. सेल्फ मारताना शंभराहून जास्त अँपिअर त्यातून जातात. ती अर्थ वायर गंजली, सैल झाली किंवा कोणी काम करताना परत लावायची विसरला तर करंट काही थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिनला आणि बॉडीला जोडणारी धातूची दुसरी वस्तू कुठली? क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल. बिचारी बारीक तार, तिच्यातून एवढा करंट गेला की ती तापते आणि आतलं अस्तर वितळून तारेला चिकटतं. दर वेळी सेल्फ मारला की थोडं थोडं. चार महिन्यांत नवी केबल खलास, आणि प्रत्येक जण म्हणतो माल नकली.

तपासायला सोपं आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर अर्थ गेली. मीटर नसेल तर जंपर केबलची काळी वायर बॅटरी मायनस ते इंजिनचा ब्लॉक अशी लावून सेल्फ मारा, एकदम टणकन उचललं तर समजा तेच. फक्त पट्टा आणि पंख्यापासून वायर लांब ठेवा.

चाफेकळी

हे मला अजिबात माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत टाकला.

रानवारा

मीटरवाला साहेब, तुमचे कसे आभार मानू. १.८ व्होल्ट आले. गिअरबॉक्सखाली बघितलं तर अर्थची पट्टी बोल्टपाशी हिरवी पडून एकाच बाजूच्या चार-पाच तारांवर लटकत होती. आणि जुनी केबल कापून बघितली, आतलं पांढरं अस्तर तपकिरी होऊन तारेला मेणासारखं चिकटलं होतं. आईला दाखवली. ती नुसती हातात धरून बसली होती थोडा वेळ, म्हणाली, मला वाटलं माझाच पाय गेला.

नवी अर्थ वायर टाकली, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करून, आवळून वर ग्रीस लावलं. खर्च २५० रुपये. आता मीटरवर ०.२ येतात आणि सेल्फ इतका जोरात फिरतो की सोसायटीतल्या काकांनी विचारलं नवी बॅटरी का. मग नवी केबल, ६८० रुपये. पेडलवरचा प्ले मॅन्युअल बघून सेट केला.

काट्यावर आता १३-१४ येतात. खूप फरक आहे पण अजून शेजाऱ्यांच्या ९ ला आलेला नाही. आणि क्लच अगदी वर, शेवटच्या दीड इंचात पकडतो. सेटिंग बदलून खाली येतो का?

दहाचा_पाना

वाह, मीटरवाल्यांना सलाम. मी केबलपर्यंत आणून सोडलं असतं आणि तू चार महिन्यांनी परत आला असतास.

आता उरलेलं. वर पकडतोय म्हणून नट सैल करत बसू नकोस, तेवढ्यानं क्लच पूर्ण सुटणार नाही, गिअर टाकताना घासेल आणि सिंक्रो रिंगा (गिअरांचा वेग जुळवणाऱ्या) खराब होतील. प्ले मॅन्युअलमध्ये जेवढा दिलाय तेवढाच राहू दे. वर पकडणं आणि थोडा जड राहणं ही दोन्ही प्लेट झिजल्याची लक्षणं एकत्र आहेत.

लोकांना वाटतं प्लेट झिजली की क्लच सैल, हलका व्हायला पाहिजे. होतं उलटं. प्रेशर प्लेटमध्ये जी डायफ्राम स्प्रिंग असते ती बशीसारखी असते, मधे बोटांसारख्या पट्ट्या कापलेल्या. प्लेट नवी असताना ही बशी जवळजवळ सपाट बसते. प्लेट झिजून पातळ झाली की बशीची बाहेरची कड फ्लायव्हीलकडे सरकते आणि मधली बोटं गिअरबॉक्सकडे उचलली जातात. तशा उचललेल्या बशीला परत दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून प्लेट जितकी पातळ तितकं पेडल जड, अगदी शेवटी घसरायला लागेपर्यंत. नव्या बऱ्याच गाड्यांत झीज आपोआप भरून काढणारा सेल्फ अ‍ॅडजस्टिंग क्लच येतो, त्यात हे जाणवत नाही, पण २०११ च्या छोट्या गाडीत तो नसणार.

टेस्ट कर. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगानं अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब. आरपीएम भसकन वर गेला आणि वेग मागून आला तर घसरतोय. नाही घसरला तरी ९२ हजार ओरिजिनल प्लेटवर म्हणजे तिनं खूप साथ दिली.

नाशिक_डिझेल

धागा केबलचा आहे पण हायड्रॉलिकवाले (केबलऐवजी ऑइलच्या दाबानं चालणारा क्लच) पण वाचत असतील म्हणून. माझी डिझेल एसयूव्ही, हायड्रॉलिक क्लच, माझा त्रास उलटा होता, पेडल लिबलिबीत, कधी कधी अर्ध्यावरून पुढे काही जाणवतच नाही, पंप केला की बरं. स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सकडचा, क्लच ढकलणारा) रबरी बूट बोटानं उचललं तर आत ओलं, ब्रेक ऑइल. सील गेले होते. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू आत जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पेडलकडचा, ऑइलला दाब देणारा) सील आतल्या आत सोडतात.

आणि ऑइल बदला राव! ब्रेकचं दर दोन वर्षांनी बदलतात, क्लचचं कोणी बघतच नाही, माझं चहासारखं काळं झालं होतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच, डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते चुकूनही नाही. एअर काढताना दोन माणसं, एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचं, बंद केल्यावरच पेडल सोडायचं, आणि टाकी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, त्यामुळे क्लचची गळती अंगावर काढू नका.

श्टुटगार्टात

इथे जर्मनीत अजूनही मॅन्युअल गाड्या भरपूर आहेत. हायड्रॉलिकचा अजून एक मुद्दा, काही गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ जुन्या बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये, क्लचच्या लाइनमध्ये एक बारीक भोकाचा व्हॉल्व्ह असतो जो ऑइलचा परतीचा वेग कमी करतो, म्हणजे पाय झटकन सोडला तरी क्लच हळूच पकडतो. गिअरबॉक्सला धक्का बसू नये म्हणून. काही जण तो काढून टाकतात, पेडल आणि क्लच यांच्यातला उशीर जातो आणि नेमकं कुठे पकडतोय ते पायाला कळतं. मी एकाची चालवून बघितली, फरक खरंच छान आहे, पण पाय सफाईदार नसेल तर झटके बसतात. रोजच्या ट्रॅफिकच्या गाडीत मी काढणार नाही.

दौंडचा_पाहुणा

माझ्या मित्राने हलक्या स्प्रिंगची बाहेरची प्रेशर प्लेट टाकून घेतली, पेडल एकदम मऊ झालं. रानवारा तसं का नाही करत?

दहाचा_पाना

ती स्प्रिंग जितक्या जोरानं प्लेट दाबते त्यावरच इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते. हलकी स्प्रिंग म्हणजे दिवे घाटात चार माणसं आणि एसी चालू असताना क्लच घसरणार. पेडलचा हलकेपणा घर्षण कमी करून मिळवायचा, पकड कमी करून नाही.

रानवारा

चौथ्या गिअरची टेस्ट केली, अजून घसरत नव्हता. तरी आई चालवणार आहे आणि घाटात मधेच सोडलं तर नको म्हणून क्लच सेट टाकायचं ठरवलं. तिसऱ्याच एका मिस्त्रींकडे नेली, हडपसर गावात, त्यांनी मला शेजारी स्टूल टाकून बसू दिलं. गिअरबॉक्स उतरवल्यावर बघितलेलं लिहितो, कोणाला उपयोग होईल.

प्लेटचे रिव्हेट वर यायला अर्धा मिलिमीटर पण शिल्लक नव्हता, म्हणजे वेळेत उघडलं. प्रेशर प्लेटच्या बोटांच्या टोकांना बेअरिंगनं खड्डे पाडले होते. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर खरखर, हे सिग्नलला दाबून थांबायच्या सवयीचं असणार, काका बरोबर होते. फोर्कचा शाफ्ट पूर्ण कोरडा, बुशमध्ये लाल गंजाची पूड. तो घासून, नवे बुश टाकून ग्रीस भरलं. मी म्हटलं प्लेटच्या आतल्या दात्यांनाही भरपूर ग्रीस लावा, तर मिस्त्री म्हणाले तिथे नुसता हात फिरवल्याएवढंच, जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर येईल आणि नवा क्लच घसरेल. क्रँकचा मागचा ऑइल सील थोडा पाझरत होता, तोही बदलला, परत तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला नको. फ्लायव्हीलवर निळे डाग होते पण चरे नव्हते. आणि गिअरबॉक्स चढवल्यावर अर्थची पट्टी लावली की नाही ते मी स्वतः हात घालून बघितलं, मीटरनंही बघितलं.

सगळं मिळून ७,९०० रुपये. काट्यावर ९.

काल आई सासवडला जाऊन आली. मी शेजारी बसलो होतो, काही बोललो नाही. दिवे घाटात एका ट्रकच्या मागे चढावर थांबावं लागलं, तिनं हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, पाय खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. फक्त एक आहे, आता क्लच फारच खाली पकडतो म्हणून सोसायटीच्या गेटवर दोनदा गाडी बंद पडली तिच्याकडून. आणि सुटताना अगदी थोडी थरथर जाणवते. हे जाईल का?

घाटकरी

जाईल. नवी प्लेट बसायला पाचशे-सातशे किलोमीटर दे, तोवर ओझं भरून घाट नको आणि रेस करून क्लच सोडणं नको. थरथर त्यानंतरही राहिली तर मिस्त्रीला दाखव. हजार किलोमीटर झाले की केबलचा प्ले परत एकदा तपासून घे, नवी केबल थोडी ताणली जाते. गेटवर बंद पडते ते इतके महिने वर पकडणाऱ्या क्लचची पायाला सवय झाली म्हणून. त्यांना म्हणावं, मोकळ्या पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसता क्लच सावकाश सोडत दहा वेळा गाडी हलवून बघा. दहाव्या वेळेपर्यंत पायाला नवी जागा सापडते.

रानवारा

काका, आई आत्ता खाली पार्किंगमध्येच आहे. सातवी वेळ चालू आहे.